लीथच्या नावाची फिरती ढाल

बिअरचा ग्लास हातात धरून माझ्याकडे पाठ करून उभे आहात, ते जरा इकडे वळा. थोडं वर बघा. जुन्या संघांचे फोटो आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या मधोमध टांगलेली मी ढाल बोलतेय. तलवारीचा वार मी कधी झेललेला नाही. माझ्या अंगावर जखमा नाहीत, नावं आहेत. टारगूल गावच्या फुटबॉल क्लबातल्या दर मोसमाच्या सर्वांत होतकरू तरुण खेळाडूच्या हाती मला देतात. वर्षभर मी त्याच्या घरी राहते, मधूनमधून इथे क्लबाच्या बारमध्येही टांगतात. पुढच्या मोसमाच्या अखेरीला तिथून काढून मला दुसऱ्याच्या हाती देतात. अशी मी फिरती.

जन्माने मी खांब. लाल गम म्हणतात त्या निलगिरीच्या झाडाचं माझं लाकूड. मेंढ्यांच्या जुन्या कुंपणाच्या कोपऱ्यात मी उभी होते आणि माझं बरं चाललं होतं. मेंढ्या अंग घासायच्या, मॅगपाय पक्षी डोक्यावर बसायचे, कुणी माझ्याकडून काही अपेक्षा करत नव्हतं. मग कुंपण मोडलं आणि क्लॅरी नावाच्या सुताराने मला गाडीत टाकून आपल्या दुकानात आणलं. कापलं, रंधा मारला, तेल पाजलं. मधोमध पितळेचा मोठा पत्रा स्क्रूंनी बसवला आणि त्याखाली वर्षावर्षाच्या नावांसाठी छोट्या पट्ट्यांची जागा आखली.

पत्र्यावर काय कोरायचं ते ठरवायला क्लबाचे तेव्हाचे अध्यक्ष दुकानात आले होते. ते बोलणं मला अजून आठवतं.

“लीथ मॅडर्न स्मृती ढाल,” क्लॅरी म्हणाला. “पुढे? होतकरू आणि शूर तरुण खेळाडूस?”

“शूर म्हटलं की लढाईतला वाटतो, गड्या. निर्भय लिही.”

“आणि कशाने गेला, ते?”

“ते कशाला? बक्षीस करतोयस तू, थडगं नाही.”

क्लॅरीने मान हलवली आणि ‘निर्भय’ कोरलं. त्या शब्दाची अक्षरं फार सुबक आली होती. येणारे-जाणारे त्यावरूनच बोट फिरवायचे.

लीथला मी पाहिलेलं नाही. पण त्याची गोष्ट मी दोन तऱ्हांनी ऐकली आहे. एक या बारमधली. (आमच्या फुटबॉलात चेंडू हाताने झेलतात आणि मग लाथेने मारतात, हे आधी सांगते.) डोक्याला मार लागलेला असताना पोरगा परत मैदानात गेला, सगळ्यांच्या डोक्यांवरून उडी मारून चेंडू झेलला आणि जिंकून देणारा गोल केला. काय छाती होती त्याची! इथली गोष्ट इथे थांबते आणि ग्लास पुन्हा भरले जातात.

दुसरी त्याच्या आईची, ग्वेंडाची. ती मी तिच्या स्वयंपाकघरात ऐकली. दुसऱ्या सत्रात कुणाचं तरी कोपर लीथच्या कानशिलावर बसलं आणि तो आडवा झाला. लेस्टर ह्यूज धावत गेला. लेस्टर म्हणजे गावचा खाटीक आणि क्लबाचा मलमपट्टीवाला, तेव्हा ऐन तरुण. त्याने बादलीतला स्पंज लीथच्या डोक्यावर पिळला आणि विचारलं, “आज वार कुठला?”

“शनिवार,” लीथ म्हणाला.

“शाबास. जा आत.”

टारगूलात फुटबॉल शनिवारीच असतो. गाढ झोपेतून उठवलं, अंगावर क्लबाचा गंजीफ्रॉक दिसला, तर खेळाडू शनिवारच म्हणणार. या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, आणि तरी याच प्रश्नावर इथे पिढ्यानपिढ्या डोकी तपासली गेली आहेत. बापाने मुलाला विचारला, मुलाने नातवाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सामना संपल्यावर लीथ घरी आला. डोकं जड झालंय, जेवत नाही, जरा पडतो, असं आईला म्हणाला. ग्वेंडाने त्याच्यासाठी भाजलेलं मटण आणि बटाटे ताटात झाकून ठेवले. रविवारी सकाळी ताट तसंच होतं. तो उठलाच नाही.

गावाने ग्वेंडाला फार सांभाळलं, हेही खरं. तिच्या दारात कितीतरी महिने कुणी ना कुणी जेवण ठेवून जायचं. त्या वर्षीचा गहू कापायला सगळे आपापली यंत्रं घेऊन आपण होऊन आले. लेस्टर दर शुक्रवारी मटण पोचवायचा, नजर वर न करता. अशा माणसांना काय विचारायचं, आणि कुठल्या तोंडाने? मग त्यांनी मला आणलं. मुलाचं नाव दरवर्षी मैदानात घेतलं जाणार होतं. ग्वेंडाने तोंड मिटलं ते मिटलंच.

गेल्या मोसमापर्यंत माझ्या फिरण्याची रीत अशी होती. मोसम संपत आला की मागच्या विजेत्याच्या घरून मला आधी ग्वेंडाकडे पाठवायचे. ती मेण लावून माझं लाकूड पुसायची, पितळ घासायची, नवी पट्टी बसवायची. मग मोसमातला शेवटचा सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध उभी राहून ती मला नव्या विजेत्याच्या हाती द्यायची आणि ध्वनिक्षेपकात एकच वाक्य बोलायची, “लीथला आनंद झाला असता.” लोक कडेने लावलेल्या गाड्यांमध्ये बसल्या बसल्या भोंगे वाजवतात. आमच्याकडे गोल झाला तरी भोंगेच वाजवतात; थंडीत काच खाली करावी लागत नाही.

घरं मी पुष्कळ पाहिली. एका घरी मला टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर ठेवलं होतं आणि पाहुण्यांना चहाच्या आधी माझं दर्शन घडवलं जाई. एका पोराने मला आपल्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात टाकलं आणि विसरला. तारेचं भेंडोळं, कुत्रा आणि मी, असे आम्ही पेरणीचे अख्खे दिवस काढले. कुत्रा प्रेमळ होता. त्याने माझी कडा चावली ती मी त्याला माफ केली आहे. माणसांचं मात्र मला जमत नाही.

होतकरू हा शब्द माणसांना इतका का आवडतो, यावर मी भिंतीवर टांगल्या टांगल्या पुष्कळ विचार केला आहे. जो काहीतरी झाला आहे त्याचे दोष दिसतात. जो होणार आहे त्याच्यात ज्याला जे हवं ते दिसतं. बापाला आपली हुकलेली संधी दिसते, प्रशिक्षकाला चषक दिसतो, गावाला पेपरातलं आपलं नाव दिसतं. त्या पोराला काय दिसतं ते कुणी विचारत नाही. माझ्यावरच्या नावांपैकी एक जण शहरातल्या मोठ्या क्लबात गेला. गावाने त्याला फलक लावून निरोप दिला. दोन हिवाळ्यांनी त्याला परत पाठवून दिलं, तेव्हा फलक नव्हता. आता तो गव्हाच्या कोठारावर ट्रक मोजतो आणि शनिवारी मुद्दाम दुसऱ्या गावी मासे धरायला जातो. त्याचे गुडघे म्हाताऱ्याचे आहेत. बारमध्ये अजून म्हणतात, “होतकरू होता हं.” तो चाळिशी ओलांडून गेलाय आणि यांच्या लेखी अजून होतोच आहे.

पण मला सांगायचं आहे ते टेगन पास्कोबद्दल.

मुलींचा संघ काढायचं ठरलं तेव्हा याच बारमध्ये हशा पिकला होता. टेगन पहिल्यांदा मैदानात उतरली आणि तो हशा थांबला. सतरा वर्षांची, लांब हातांची पोर. चेंडू कुठे पडणार ते तिला इतरांच्या आधी कळायचं, आणि तो झेलायला ती मागे न बघता उलट्या पावली पळायची. मागून कोण येऊन आदळेल याची फिकीर नाही. “निर्भय,” लोक म्हणाले. कुणाचं नाव माझ्यावर चढणार हे त्या मोसमात गुपित राहिलंच नाही. माझ्यावर तोवर एकाही मुलीचं नाव नव्हतं.

मी ग्वेंडाकडे घासायला गेलेली असताना टेगन एकदा तिच्याकडे आली. आईने, ज्युलीनने, लिंबाचा केक पाठवला होता. ज्युलीन शाळेची बस चालवायची. टेगन ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली.

“मिसेस मॅडर्न, पट्टी लहान आहे. टेगन पास्को मावेल ना?”

“बारीक कोरायला सांगते. आणि तुला कुणी सांगितलं तुझं नाव आहे म्हणून?”

“सगळ्यांनी.”

ग्वेंडा हसली. म्हातारपणी ती फार कमी हसायची. “शनिवारी अंतिम सामना. शहरातून निवड करणाऱ्या बाई येतायत म्हणे.”

“हो. आवडले तर पुढच्या आठवड्यात चाचणीला बोलावणार.”

“भीती वाटते?”

“छे.” मग, “थोडी.”

“थोडी असू दे,” ग्वेंडा म्हणाली. “ते निर्भय वगैरे मनावर घेऊ नकोस, बाळ. पितळेवर कोरायला बरं दिसतं.” खिडकीतून ऊन येत होतं. टेगनने डोळे बारीक केले आणि मान वळवली. ग्वेंडाने ते पाहिलं. “डोळ्यांना काय झालं?”

“काही नाही. मागच्या सामन्यात मान आखडली. थोडं डोकं धरतं.”

“लेस्टरला सांगितलंस?”

“त्यानेच सांगितलं मान म्हणून.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोक्याला मार लागला तर तीन आठवडे खेळायचं नाही, असा आता नियम आहे. म्हणून टारगूलात आता कुणाच्या डोक्याला मार लागतच नाही. मान आखडते, उपाशीपोटी चक्कर येते, उन्हात डोळे दिपतात. ग्वेंडा हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात बाहेर ज्युलीनने भोंगा वाजवला आणि टेगन पळाली.

अंतिम सामना खरा शनिवारचा. पण आदल्या दोन दिवसांत इतका पाऊस झाला की मैदानात पाणी साचलं, म्हणून तो रविवारवर गेला. गाड्या नेहमीसारख्या मैदानाकडे नाक करून उभ्या राहिल्या. खाण्याच्या भांडाराच्या खिडकीतून खिमा भरलेले गरम मीट-पाय विकले जात होते. ग्वेंडा कडेला घडीच्या खुर्चीत बसली होती आणि मी टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर होते. माझ्यावर टेगनची पट्टी बसवून झाली होती. नाव मावलं होतं.

दुसऱ्या सत्रात टेगन उलट्या पावली पळाली, झेल घेतला आणि समोरून येणाऱ्या पोरीचा खांदा तिच्या जबड्यावर बसला. ती पडली ती आमच्यापासून फार लांब नाही. चेंडू हातातून सुटला नव्हता. क्षणभर तिचे पाय लाकडासारखे ताठ झाले. लाकूड कसं असतं ते मला माहीत आहे.

लेस्टर गेला. आता तो पांढऱ्या केसांचा, पण बादली तीच, स्पंजही बहुधा तोच. तिला धरून त्याने आमच्या बाजूला कडेला आणलं, बाकावर बसवलं आणि डोक्यावर पाणी पिळलं.

“आज वार कुठला, टेग?”

“शनिवार,” टेगन म्हणाली.

लेस्टरने स्पंज बादलीत टाकला. शेजारी प्रशिक्षक डॅमियन उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “जवळपास आहे की,” डॅमियन म्हणाला. “एका दिवसाने काय होतंय! फुटबॉल म्हणजे शनिवार. मीसुद्धा सकाळी शनिवार समजूनच दाढी केली.”

बाकावरच्या पोरी हसल्या. लेस्टरही हसला, जरा उशिरा.

ग्वेंडा मला छातीशी धरून उठली. मला तिचं काळीज ऐकू येत होतं.

“डॅमियन, तिला बसव.”

डॅमियन शाळेत ग्वेंडाच्या हाताखाली शिकलेला. तिच्याशी बोलताना तो अजून टोपी काढतो. “मिसेस मॅडर्न, लेस्टरने तपासलंय तिला.”

“तिने शनिवार सांगितलं.”

“अहो, सवयीने येतं तोंडात.”

“लेस्टर, तू सांग त्याला. तू तरी हसू नकोस.”

लेस्टरचं हसू विरलं. तो बादलीत बघत राहिला. त्याच्या बादलीत नुसतं पाणी होतं, पण तो असा बघत होता जणू आत काहीतरी बुडालंय.

“मला काढू नका,” टेगन म्हणाली. शब्द जरा ओले, जड येत होते. “मुलगी म्हणून काढली म्हणतील. माझ्या जागी मुलगा असता तर एव्हाना आत असता.”

“मुलगा आत गेला होता, बाळ,” ग्वेंडा म्हणाली.

तोवर ज्युलीन धापा टाकत आली होती. “टेग? काय झालं? मान ना? मानच ना, लेस्टर?”

“मानच दिसतेय,” लेस्टर पुटपुटला.

“ज्युलीन, डोकं आहे. तुलाही कळतंय डोकं आहे,” ग्वेंडा म्हणाली.

ज्युलीनने पलीकडे पाहिलं. निवड करणाऱ्या बाई छत्रीखाली खुर्चीत बसून इकडेच बघत होत्या. ज्युलीन आवाज खाली आणून बोलली, पण मी तिच्या इतकी जवळ होते की मला शब्द न् शब्द लागला. “डोकं म्हटलं की तीन आठवडे. पुढच्या आठवड्यातली चाचणी गेली. ती बाई पुन्हा टारगूलात पाय ठेवणार नाही. तुमच्यावर काय गुजरलं ते मला माहीत आहे, मिसेस मॅडर्न. पण तुमचं दुःख माझ्या पोरीच्या वाटेत आणून ठेवू नका.”

मला वाटलं, आता ग्वेंडा बोलेल. मैदानात चालत जाईल, मला आपटेल, काहीतरी करेल. पण समोर कोण होतं? तिचं शेत कापून देणाऱ्यांची पोरं होती. तिच्या दारात जेवण ठेवणाऱ्यांच्या सुना होत्या. तिने ज्युलीनकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

टेगन आत गेली. शेवटच्या सत्रात तिने पुन्हा तसाच झेल घेतला, जमिनीवर पाठ आणि डोकं आपटून घेतलं, उठली आणि गोलासाठी रोवलेल्या चार खांबांतल्या मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू सरळ पाठवला. सामना जिंकला. सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम सुरू झाले. सगळे नाचत होते. टेगन एकटी मैदानाच्या मधोमध दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. लोकांना वाटलं, पोर आनंदाने वेडी झाली.

ग्वेंडाने मला तिच्या हाती दिलं. ध्वनिक्षेपकात तिने सुरुवात केली, “लीथला…” आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून निघेनात. ती थांबली. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. त्यांनी दर वर्षीपेक्षा जास्त वेळ भोंगे वाजवले. लीथला आनंद झाला असता हे वाक्य तिने पहिल्यांदाच गिळलं होतं आणि ते कुणालाही कळलं नाही.

टेगनने माझ्या शेवटच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. “कुणाचं नाव आहे हे?” तिने हळूच विचारलं.

“तुझं,” ग्वेंडा म्हणाली.

“अच्छा,” टेगन म्हणाली, आणि भांडाराच्या मागे जाऊन ओकली.

ती वाचली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक याच बातमीवर थांबतात. वाचली ना, मग झालं तर! शहरातल्या इस्पितळातून तिला घरी आणलं तेव्हा मी तिच्या खोलीत फडताळावर होते. पडदे ओढलेले. दिवा नाही, टीव्ही नाही. ज्युलीन पायमोजे घालून चालायची, कारण फरशीवरचा चपलांचा आवाज टेगनच्या डोक्यात घुसायचा. पुस्तकातली ओळ दुसऱ्या ओळीपर्यंत टिकायची नाही. शाळेची शेवटची परीक्षा राहिली. निवड करणाऱ्या बाईंनी लवकर बरी हो असा निरोप पाठवला आणि शेजारच्या येलबा गावची दुसरी पोर निवडली. क्लबाने मदतीसाठी सॉसेज भाजून विकले. बारमध्ये म्हणाले, “काय छाती आहे पोरीची!” डॅमियन एकदा फुलं घेऊन आला, दारातच अडखळला, फुलं देऊन गेला.

“मम, ती ढाल उलटी ठेव,” एक दिवस टेगन म्हणाली. “पितळ चमकतं.”

ज्युलीनने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तसं राहिल्यावर ऐकू जास्त येतं. पलीकडच्या खोलीत ज्युलीन उशीत तोंड खुपसून रडायची. सकाळी बस घेऊन जायची, दुपारी परत यायची, दाराबाहेर क्षणभर उभी राहायची, मग आत यायची. तिच्यावर मी पुष्कळ दिवस रागावून होते. मग तो राग पुरेना. ती एकटी थोडीच होती. भोंगे तर सगळ्यांनी वाजवले होते.

पानगळ सुरू झाली तेव्हा ग्वेंडा आली. हातात पिशवी, पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस.

“चहा ठेवते,” ज्युलीन म्हणाली. मग किटलीकडे पाठ करून उभी राहिली. “मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले…”

“तू बोललीस आणि मी बसले,” ग्वेंडा म्हणाली. “मी बसायला नको होतं. ढाल आण.”

मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ग्वेंडाने चष्मा चढवला. “माझ्या मुलाचं नाव मला परत हवंय. आता ते कुणाच्या पोराच्या गळ्यात घालायचं नाही.”

स्क्रू गंजले होते. ग्वेंडाच्या मनगटात जोर राहिला नव्हता. पेचकस सटकायचा आणि माझ्यावर ओरखडा उठायचा. ज्युलीन समोर बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दोन आया, मध्ये मी. पहिला स्क्रू फिरला तेव्हा कर्रर्र असा आवाज झाला आणि मला वाटलं, पोरीला त्रास होणार. झालाच. टेगन काळा चष्मा लावून दारात उभी होती.

“काय करताय?”

“लीथला घरी नेतेय,” ग्वेंडा म्हणाली.

टेगन भिंतीला धरत टेबलापर्यंत आली. मोठा पत्रा सुटला होता. खाली लाकूड कोवळ्या लाल रंगाचं निघालं. तिथे इतकी वर्षं ऊन लागलंच नव्हतं.

“माझीही काढा,” ती म्हणाली.

“टेग,” ज्युलीन कळवळून म्हणाली, “ती तू मिळवलीस. तुझ्या कष्टाची आहे ती.”

“मला आठवत नाही, मम. तो सामना मला आठवतच नाही. लोक सांगतात मी गोल केला. लोक म्हणतात म्हणून मी हो म्हणते.”

ज्युलीनने मला सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ग्वेंडाने पेचकस टेगनकडे दिला. तिला खाच सापडायला वेळ लागला, पुन्हा पुन्हा लागला, पण कुणी मदत केली नाही आणि घाईही केली नाही. चहा गार झाला. पट्टी निघाली ती टेगनने ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जाऊन झोपली.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मी क्लबाची मालमत्ता आहे. मोसम सुरू झाल्यावर मला टेगनच्या घरून आणून या भिंतीवर टांगलं आणि समितीची बैठक बसली. ग्वेंडाबद्दल सगळे हळू आवाजात बोलले, वय झालंय म्हणाले, समजून घ्यायला हवं म्हणाले. मग ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानदाराने पुढाकार घेतला. आता माझ्या मधोमध त्याच्या दुकानाचं नाव आहे. टेगनची पट्टीही पुन्हा करून आणली, मध्ये रिकामी जागा वाईट दिसते म्हणून, आणि या वेळी ती स्क्रूने न बसवता गोंदाने चिकटवली. लीथचं नाव गेलं, पण त्याच्याबरोबरचा तो सुबक शब्द समितीने नव्या पत्र्यावरही कोरून घेतला. निर्भय. तेवढा त्यांना हवा होता.

लेस्टर या मोसमात बादली घेऊन आला नाही. पाठ धरलीय म्हणतो. शुक्रवारी ग्वेंडाच्या कठड्यावर अजून मटणाचं पुडकं ठेवून जातो असं ऐकलं. ती दार उघडत नाही. टेगन आता दुपारी थोडा वेळ उघड्यावर बसते. तेवढीच बातमी बरी आहे, आणि ती या बारमध्ये कुणी विचारत नाही.

येत्या शनिवारी मला पुन्हा खाली काढतील. यंदाचा पोरगा उडी छान मारतो म्हणे. तुम्ही त्या दिवशी मैदानात असाल, गाडीत बसलेले असाल, भोंग्यावर हात असेल. एवढंच मागते, तो पडला तर भोंगा वाजवू नका. खाली उतरा. त्याच्याजवळ जा आणि विचारा, डोकं दुखतंय का. तो नाही म्हणेल. सगळे नाहीच म्हणतात. त्यांना आम्ही तेच शिकवलंय. मग त्याला आत पाठवू नका. शेजारी बसा, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारा. सामना हातचा जाईल, मी कुणाच्याच घरी जाणार नाही, अशीच या भिंतीवर राहीन. चालेल. मी लाकूड आहे, मला कशाचीच घाई नाही.